आधी काच भिजू दे

मागच्या रोहिण्यांतली गोष्ट. माझ्या वडिलांचे, आण्णांचे, डोळे तपासायला त्यांना छत्रपती संभाजीनगरला माझ्याकडे आणलं होतं आणि आता केजला परत सोडायला निघाले होते. गाडी मी चालवत होते, आण्णा शेजारी. शहागडच्या पुलावर त्यांनी मान वळवून गोदावरीचं पात्र बघितलं, बोलले काही नाहीत. गेवराई मागे पडलं आणि पाडळसिंगीच्या अलीकडे आभाळ एकदम काळंनिळं झालं. आधी वारा सुटला. नांगरून महिनाभर तापत पडलेल्या रानांतली माती उठून रस्त्यावर आली, काचांवर बसली. मग थेंब. मोठाले, लांबलांब अंतरावर पडणारे, प्रत्येकाभोवती धुळीचं एक कडं. दहा-बारा पडले असतील नसतील, मी सवयीने वायपर चालू केला. दोन्ही ब्लेड कुईकुई करत, थरथरत वर गेले आणि समोरचा रस्ताच गेला. चुलीला पोतेरा द्यावा तसा सगळ्या काचेवर मातीचा पोतेरा फिरला होता. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे त्यात असे पसरले की ट्रक डाव्या अंगाने येतोय की उजव्या, हे कळेना. काच धुवायच्या टाकीतलं पाणी उन्हाळाभरच्या धुळीत संपलं होतं आणि भरायचं राहिलं होतं. कशीबशी गाडी कडेला घेतली. ब्लेड अजून फिरतच होते, दर फेरीला पोतेरा जास्त घट्ट करत. आण्णा शांतपणे म्हणाले, "थांब बाई. कामून घाई करती? आधी काच तर भिजू दे."

चौदा वर्षं मी वाळूजमध्ये वायपरच्याच डिझाइनचं काम करते. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत माझं टेबल आहे, त्यावर कायम दोन-चार ब्लेड पडलेले असतात, आणि पावसात दुसऱ्याच्या गाडीत बसले तरी माझं लक्ष रस्त्याआधी काचेकडे जातं. म्हणूनच ते वाक्य मनातून जाईना. सोमवारी ऑफिसात गेले तरी ते होतं. मीटिंगमध्ये कुणी तक्त्यावर आलेख दाखवत होतं आणि माझ्या कानात आण्णा. त्यांनी मला रागावलं असतं तर मी विसरले असते. पण ते रागावले नव्हते, सांगत होते. आणि ते जे सांगत होते ते मला लहानपणापासून माहीत होतं, हे मला गाडी कडेला लागल्यावर आठवलं.

आण्णांची काळीपिवळी जीप होती. केज ते अंबाजोगाई, लग्नसराईत कधी रेणापूर, लातूरपर्यंत. आत किती माणसं बसायची ते सांगत नाही, मराठवाड्यात त्या काळात जीपमध्ये बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तिच्या वायपरची मोटार काचेच्या चौकटीवर, वरच्या बाजूला होती. मी तिसरीत असताना ती जळाली. नवी घ्यायला पैसे नव्हते, आणि खरं सांगायचं तर वर्षातून मोजके दिवस लागणाऱ्या वस्तूवर पैसे घालायला मनही होत नव्हतं. मेस्त्रीने तिच्या जागी आतून एक लोखंडी दांडी बसवून दिली. दांडी हलवली की बाहेर ब्लेड हलायचा. आण्णांचे हात स्टिअरिंग आणि गिअरवर, त्यामुळे सुट्टीत मी बरोबर असले की ते काम माझ्याकडे. मागच्या माणसांच्या ओल्या घोंगड्यांचा, बिडीचा, कुणाच्या तरी पिशवीतल्या मेथीचा वास, टपावर पावसाचा ताशा, आणि मी पुढच्या सीटच्या कडेला टेकून दांडी डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. हात भरून यायचा. थोडं थांबलं की आण्णा म्हणायचे, "हं." एवढंच. आणि पाऊस सुरू होतानाच मी उत्साहाने दांडीला हात घातला की माझ्या मनगटावर त्यांचा हात यायचा. थांब. आधी काच भिजू दे.

पुढे इंजिनिअरिंगला असताना मेरी अँडरसन या बाईबद्दल वाचलं आणि ते पान मी दोनदा वाचलं. अमेरिकेतल्या अलाबामाची ही बाई थंडीत न्यूयॉर्कला गेली होती. तिथल्या ट्राममध्ये बसली असताना तिने बघितलं की बर्फाळ पावसात समोरचं दिसावं म्हणून चालकाला काच उघडी ठेवून गाडी हाकावी लागते आणि सगळे गारठतात. घरी आल्यावर तिने एक यंत्र आखलं. आत चालकाच्या हाताशी मूठ, बाहेर काचेवर रबर लावलेला हात, तो काचेला दाबून राहावा म्हणून वजन. 1903 साली तिला त्याचं पेटंट मिळालं. कुणी ते विकत घेतलं नाही, आणि वायपर प्रत्येक गाडीवर दिसायला लागेपर्यंत पेटंटची मुदत संपून गेली होती. मला मात्र आतली मूठ वाचूनच थांबावंसं वाटलं. केजच्या मेस्त्रीने काही न वाचता, कापलेल्या सळईतून तेच यंत्र पुन्हा केलं होतं आणि त्याची मूठ माझ्या हातात होती.

आजचा वायपर म्हणजे मुळात माझ्या आईचं शिलाई मशीन, उलटं चालवलेलं. वर्गात सरांनी फळ्यावर चार दांड्यांची आकृती काढली, पूर्ण गोल फिरणारा क्रँक, पुढे-मागे झुलणारा रॉकर, त्या दोघांना जोडणारा कपलर आणि जमिनीला धरून असलेली चौथी, तेव्हा मला पायाखालची ती जाळीची लोखंडी पायटी दिसली होती. मशीनमध्ये पाय पायटी हलवतो, पुढे-मागे, पुढे-मागे, आणि उभा दांडा ते हलणं चाकाच्या गोल फिरण्यात बदलतो. वायपरमध्ये मोटार गोल फिरवते आणि शेवटी मिळतं ते जाणं-येणं. मशीन नेमकं वरच्या किंवा खालच्या टोकाला अडकलं की आई चाकाला हाताने हलका झटका द्यायची, कारण त्या जागी पाय कितीही दाबला तरी चाक हलत नाही. वायपर उलट्या बाजूने चालतो म्हणून तो तसा अडकत नाही, पण टोकाला क्षणभर थांबतो खरा. ते थांबणं मला आवडतं. तिथे वेग शून्य होतो आणि दिशा बदलते.

गणित साधं आहे आणि निर्दय आहे. दोन्हीकडे जायला सारखाच वेळ लागावा असं ठेवलं, आणि रॉकर 60 मिलिमीटरचा असून त्याने 90 अंश फिरावं असं हवं असेल, तर क्रँक साधारण 42.4 मिलिमीटरचा लागतो. तो फक्त एक मिलिमीटरने लांब झाला तर फेरी पावणेतीन अंशांनी वाढते. ऐकायला काहीच वाटत नाही. पण ब्लेडचा हात ज्यावर फिरतो त्या खुंट्यापासून ब्लेडचं टोक 70 सेंटिमीटरवर असेल, तर तिथे प्रत्येक बाजूला दीड सेंटिमीटरहून जास्त फरक पडतो, आणि ब्लेड काच सोडून तिच्या कडेच्या खांबावर आपटायला लागतो. त्यात दांड्यांचे सांधे, बॉल जॉइंट, झिजून ढिले होतात ती ढिलाई वेगळी, ओल्या काचेवर ब्लेड घसरून थोडा पुढेच जातो ते वेगळं. हे सगळं धरून चालावं लागतं. परदेशातून आलेलं डिझाइन असेल तर तिकडे चालक डावीकडे बसतो, तेव्हा सगळी मांडणी आरशातल्यासारखी फिरवायची, नाहीतर न पुसला जाणारा काचेचा तिकोना नेमका आपल्या चालकाच्या डोळ्यांसमोर येतो. मोटार मिनिटाला हजारो फेरे घेते, वर्म गिअर, म्हणजे स्क्रू आणि दातेरी चाकाची जोडी, ते चाळीस-पन्नासवर आणतो. त्याच गिअरच्या पाठीवर एक खाच असलेली चकती असते. आपण मध्येच बटण बंद केलं तरी तिच्यामुळे मोटारीला दुसऱ्या वाटेने वीज मिळत राहते आणि ब्लेड खाली जाऊनच झोपतो. जीपमध्ये हे नव्हतं. मी दांडी सोडली की ब्लेड जिथे असेल तिथे, अर्ध्या काचेवर.

पण लोखंड शेवटी ऐकतं. न ऐकणारी वस्तू आहे रबर.

ब्लेडची खालची कड भिंगाखाली धरून बघितली आहे का कुणी? एका बारीक मानेवर उभा असलेला पातळ ओठ असतो तो. काचेवर तो कधीच सरळ उभा नसतो. ब्लेड उजवीकडे चालला की ओठ डावीकडे कलतो, मागे ओढला जातो, आणि त्याची एक धारदार कड तेवढी पाणी कापत जाते. टोकाला ब्लेड थांबतो, उलटा निघतो, आणि त्या क्षणी ओठाने मानेतून पलटी मारून दुसऱ्या बाजूला कलायचं असतं. रात्री पावसात गाडीत शांतता असेल तर दर फेरीच्या शेवटी जो 'टप' ऐकू येतो, तो बहुतेक वेळा हा पलटी मारण्याचाच आवाज. ही पलटी जमली नाही, तर ओठ ओढला जाण्याऐवजी पुढे ढकलला जातो, काचेला अडतो, सुटतो, पुन्हा अडतो. तीच ती थरथर आणि कुईकुई. आणि पलटी न जमण्याचं मोठं कारण म्हणजे रबर एकाच बाजूला कललेलं राहून तसंच मरून जातं. उन्हात, तापलेल्या काचेवर, महिनोन्महिने. आम्ही त्याला 'परमनंट सेट' म्हणतो. लॅबमध्ये हा शब्द पहिल्यांदा ऐकला त्या दिवशी दुपारी मी जेवायला गेले नाही. केजच्या घरातली दिवळी डोळ्यांपुढे आली होती.

शिमगा झाला की आण्णा जीपचे ब्लेड काढून ठेवायचे. ओल्या फडक्याने पुसायचे, सावलीत वाळवायचे, आईची अंगाला लावायची पावडर बोटाने रबरावर चोळायचे आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिवळीत, दिव्याच्या मागे. उघड्या पडलेल्या लोखंडी हातांना चिंध्या बांधायचे, काचेला ओरखडा नको म्हणून. रोहिण्या लागायच्या दिवशी ती पुडी खाली यायची. आईला त्या वेळी चिडचिड व्हायची, घरात खायच्या वस्तू ठेवायला जागा नाही आणि ह्यांचं रबर दिवळीत. मलाही ते देवाधर्मासारखं काहीतरी वाटायचं, पाऊस यावा म्हणून करतात तसं. तो एका ओठाला वाकडं होऊ न देण्याचा खटाटोप आहे हे कळायला मला दोन पदव्या आणि एक लॅब लागली. आणि तरीही ते देवाधर्मासारखंही होतंच, असं आता वाटतं. पुडी सोडताना ते आभाळाकडे बघायचे.

एका वर्षी पुडी सोडली, ब्लेड लावले, आणि पाऊस आलाच नाही.

दिवाळीनंतर आण्णांनी ते काढले तेव्हा ते झिजलेले नव्हते. कडेला बारीक भेगा पडलेल्या होत्या, वाळलेल्या तळ्यासारख्या. रबर न वापरताही संपतं. ऊन आणि हवेतला ओझोन त्याला खातात. आण्णांनी बोट फिरवलं, भेगा बघितल्या आणि तसेच गुंडाळून पुन्हा दिवळीत ठेवले.

2016 चा उन्हाळा. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं, जायकवाडी मृत साठ्यात गेलं होतं, आणि वाळूजच्या आमच्या लॅबमध्ये दिवसरात्र पाऊस पडत होता. वायपरची चाचणी तशीच होते. लोखंडी सांगाड्यावर, आम्ही त्याला रिग म्हणतो, गाडीची काच, वर पाणी सोडणारे नोझल, आणि लाखो फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत ब्लेड चालू. पाणी वाया जात नाही, खाली ट्रेमध्ये जमतं, गाळून पुन्हा वर जातं, हे मला माहीत होतं. पण कान ते मानत नाही. दुपारी मी रिगजवळ वही घेऊन बसले की काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याचा तो आवाज, आणि फोनवर आई सांगतेय की टँकर चौथ्या दिवशी आला, दोन टिपाडं भरली, शेजारच्या काकूंचं टिपाड अर्धंच भरलं. एकदा तिने विचारलं, "हा कशाचा आवाज येतोय गं, तिकडं पडतंय का?" मी काय सांगायला हवं होतं? "नाही गं, मशीन आहे," म्हटलं आणि बाहेर येऊन बोलायला लागले. त्यानंतर रिग चालू असताना तिचा फोन कधी लॅबमध्ये घेतला नाही. नोकरीची लाज नव्हती वाटत, तीच नोकरी टँकरचे पैसे देत होती. पण छातीवर काहीतरी बसल्यासारखं व्हायचं खरं. ट्रेमधलं पाणी बदलायचा दिवस आला की ते बादल्यांनी कंपाउंडमधल्या कडुनिंबांना घालायचं, हे आम्ही दोघी-तिघींनी त्या वर्षी ठरवलं आणि ते अजून चालू आहे.

त्याच रिगवर मी घर्षणाच्या आलेखाची एक रेघ कित्येकदा बघितली होती. काच पूर्ण ओली असते तेव्हा रबर पाण्याच्या थरावर तरंगत जातं, घर्षण कमी. काच कोरडी ठणठणीत असते तेव्हा घर्षण कितीतरी जास्त. इथवर कुणीही सांगेल. पण नोझल बंद केल्यावर काच वाळत जाते, त्या वाटेत एक जागा अशी येते की घर्षण कोरड्या काचेच्याही वर उसळी मारतं. काच ना ओली ना कोरडी, चिकट असते. रेघेवर तिथे उंटाच्या पाठीसारखा उंचवटा दिसतो. मोटार सगळ्यात जास्त तिथे कण्हते, ब्लेड सगळ्यात जास्त तिथे थरथरतो. थेंब विरळ असताना वायपर थांबूनथांबून चालवायचा, तो याचसाठी. रॉबर्ट कर्न्स या अमेरिकन इंजिनिअरला ते थांबणं डोळ्याच्या पापणीवरून सुचलं होतं. लग्नाच्या रात्री शँपेनचं बूच उडून त्याचा एक डोळा गेला होता, आणि पापणी सतत फडफडत नाही, मध्ये थांबते, हे त्याने हेरलं. 1964 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. वीज साठवणारा एक कपॅसिटर हळूहळू भरतो, भरला की ब्लेडला एक फेरी मारू देतो. ती पापणी आता जगभरच्या गाड्यांत आहे. पण ती दोन फेऱ्यांच्या मधली वाट बघते. आण्णा सांगत होते ती पहिल्या फेरीच्या आधीची वाट.

मुसळधार पावसासाठी आम्ही वायपर करतो आणि तो पाऊस आमच्या वाट्याला किती येतो? मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरी साधारण 680 मिलिमीटर, तीही भरेल त्या वर्षी. उरलेलं वर्ष काचेवर माती. आणि जे अवघड दिवस आहेत ते रोहिण्यांचे, मृगाच्या पहिल्या सरीचे, अवकाळीचे, चार थेंब पडून विरून जाणारे. आमच्याकडे रेघेवरचा तो उंचवटा क्षणात ओलांडून जायची जागा नसतो, तिथेच मुक्काम असतो. धुळीची चाचणी आम्ही करत होतो, नाही असं नाही. त्यासाठी प्रमाणित धूळ मिळते, जगभर वापरतात, तिला 'ॲरिझोना डस्ट' म्हणतात. वाळवंटातली, ठरावीक बारीक कणांची, स्वच्छ. बोटांत घेतली की सरसर निसटते. आमची काळी माती निसटत नाही. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरलेली असते. पाणी मिळालं की ती फुगते, धरून ठेवते. उन्हाळ्यात भेगाळते ती यामुळे, आणि पहिल्या पावसात चपलेला किलो-किलोचे पायतळ लागतात ते यामुळे. हे सगळं मला माहीत होतं, चपलेखाली माहीत होतं, आणि चौदा वर्षांत मी ते कधी काचेवर आणलं नव्हतं.

तर त्या खेपेला केजहून परत येताना शेतातून दहा किलो माती पोत्यात भरून घेतली. आण्णा बांधावर उभे राहून बघत होते. "कुंडीला का?" "नाही, काचेला." त्यांनी पुढे विचारलं नाही, वरचा पालापाचोळा काढून खालची बारीक माती मला हाताने ओंजळीत दिली. लॅबमध्ये ती चाळली, काचेवर फुंकणीने बसवली, नोझलमधून थेंबथेंब पाणी सोडलं. मोटारीच्या करंटची रेघ अशी वर गेली की शेजारच्या टेबलवरचा मुलगा उठून आला. आता आमच्या पुढच्या डिझाइनमध्ये एक प्रस्ताव आहे, माझा. माती असताना पहिली फेरी काच पुरेशी भिजल्याशिवाय सुरूच होऊ नये, आणि धुण्याचं पाणी ब्लेडच्या पुढे, ब्लेडच्या अंगातूनच सुटावं, म्हणजे घोटभर पाण्यात काम भागेल. ब्लेडमधून पाणी सोडायची कल्पना काही माझी नाही, महागड्या गाड्यांत ती आहेच. मला ती आमच्याकडच्या टेम्पोवर आणि काळीपिवळीवर हवी आहे. मान्य होईल का, सांगता येत नाही. खर्चाचा तक्ता पुढच्या महिन्यात आहे.

त्या संध्याकाळचं मात्र अर्धं सांगायचं राहिलं. गाडी कडेला लावली, वायपर बंद केला. आण्णा दार उघडून उतरले. मी म्हटलं, भिजाल. ते काचेपुढे जाऊन उभे राहिले. माझ्या हातात पाण्याची बाटली होती, पिण्याची, अर्धी भरलेली, आणि मी ती काचेवर ओतायला निघाले तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. आभाळाकडे बोट केलं. आम्ही दोघं तसेच उभे होतो, डोक्यावर एकेक थेंब, मातीचा तो वास, शेजारून ट्रक जातोय. मग सर धरली. काचेवरचा पोतेरा आधी गडद झाला, मग त्याच्या कडा सुटायला लागल्या, मग तपकिरी ओघळ बॉनेटवर उतरले. आण्णांनी सदऱ्याच्या खिशातून तंबाखूची पुडी काढली, चिमूट ओली केली आणि माझ्या बाजूच्या काचेवर तळहाताने गोलगोल चोळली, जीपला चोळायचे तशी. तंबाखू चोळली की पाणी थेंबाथेंबाने उभं न राहता सपाट पसरतं. रसायनाच्या भाषेत मी त्याचं कारण सांगू शकते. तेव्हा फक्त वास घेतला.

आत बसलो. मी वायपरला हात घातला आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी काचेकडे बघितलं, मग म्हणाले, "हं." ब्लेड वर गेले, टोकाला थांबले, ओठाने पलटी मारली, खाली आले. आवाज नाही. रस्ता दिसला, ओला, काळा, लांबवर बीडकडे जाणारा. तेवढ्यात फोन वाजला. आई. मी गाडी चालवतेय म्हणून आण्णांनी उचलला आणि कानाला न लावता समोर धरला. तिकडून नेहमीचाच पहिला प्रश्न, आम्ही कुठवर आलो त्याच्याही आधीचा. "तिकडं पडतंय का?"

आण्णांनी फोन काचेच्या जवळ नेला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला.